भीमाने माफ केले नाही

महाभारतातली घरे : लेखांक 9

मागच्या आठवड्यात आपण स्त्रीपर्वात थांबलो होतो. भीमाला कवटाळण्यासाठी धृतराष्ट्राने हात पुढे केले, कृष्णाने लोखंडी पुतळा पुढे सरकवला आणि आंधळ्या राजाने तो छातीशी दाबून चुरडून टाकला. मग त्याला रडू कोसळले, पांडवांना त्याने जवळ घेतले, गांधारीचा रागही ओसरला. आपल्याकडे कथा सांगणारे बहुतेक जण इथून थेट शेवटाकडे वळतात. मधली वर्षे राहून जातात. मला मात्र तीच फार मोलाची वाटतात, कारण गळाभेट झाल्यावर ही सगळी माणसे एकाच राजवाड्यात राहिली. कशी राहिली, ते आश्रमवासिक पर्व सांगते. 18 पर्वांतले हे 15वे पर्व आकाराने लहान आहे.

युद्धानंतर धृतराष्ट्र 15 वर्षे हस्तिनापुरात होता. युधिष्ठिर राजा असला तरी राज्याच्या कामात थोरल्या काकांना विचारल्याशिवाय पान हलत नसे. विदुर, संजय आणि युयुत्सू धृतराष्ट्राच्या सेवेत होते. कुंती गांधारीची सेवा करी. द्रौपदी आणि सुभद्रा दोघांना सासू-सासऱ्यांचा मान देत. धृतराष्ट्राने कैदी सोडले, देहदंड झालेल्यांना जीवदान दिले, तरी युधिष्ठिर एका शब्दाने आक्षेप घेत नसे. मुलगे गेलेल्या या माणसाला कसलेही दुःख होता कामा नये, असे त्याने भावांना बजावले होते. जो काकांचे ऐकेल तो माझा, जो ऐकणार नाही तो माझा शत्रू, इतक्या कडक शब्दांत.

चौघांपैकी भीमाला हे जमले नाही. द्यूतसभा त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. उघड बोलायची सोय नव्हती, म्हणून तो धर्मराजाच्या पाठीमागे, पण धृतराष्ट्र-गांधारीच्या कानांवर जाईल अशा बेताने दंड थोपटी आणि मित्रांना सांगे की आंधळ्याची सगळी मुले याच बाहूंनी संपवली. युधिष्ठिर, अर्जुन, कुंती, द्रौपदी यांना याचा पत्ता नव्हता. नकुल-सहदेव भीमाचे मन ओळखून होते. ते गप्प राहिले. आणि व्यास एकट्या भीमालाच दोष देत नाहीत. दुर्योधन आठवला की धृतराष्ट्राच्या मनातही भीमाबद्दल विषच येई, हेही ते लिहून ठेवतात.

युधिष्ठिराच्या थोरवीबद्दल मला शंका नाही. पण क्षमा त्याची होती, आणि ती त्याने हुकूम म्हणून घरभर लागू केली. भीमाचा राग त्यामुळे मिटला नाही, फक्त आडोशाला गेला आणि तिथून म्हाताऱ्यांना टोचत राहिला. पूर्वी अन्याय झालेल्या कितीतरी घरांत आजही कोणी एक मोठे माणूस ‘आता विषय संपला’ म्हणून जाहीर करते. ज्याचा विषय संपलेला नसतो, त्याला मग बोलायला जागाच उरत नाही.

15 वर्षांनी धृतराष्ट्राने वनात जायची परवानगी मागितली. आपण आणि गांधारी कधीपासून अर्धपोटी राहून जमिनीवर निजतो, हेही तेव्हाच बाहेर पडले. युधिष्ठिर हादरला. आपल्याच घरातले हे आपल्याला कळले नाही, याचे त्याला फार लागले. शेवटी व्यासांनी समजावल्यावर त्याने होकार दिला.

निघण्यापूर्वी धृतराष्ट्राने विदुराकरवी धन मागितले. भीष्म, द्रोण, सोमदत्त, बाल्हीक आणि आपले मुलगे यांचे श्राद्ध करायचे होते. युधिष्ठिर आणि अर्जुन लगेच तयार झाले. भीम अडून बसला. भीष्मांचे श्राद्ध आम्ही करू, कर्णाचे कुंती करील, पण दुर्योधनासाठी या खजिन्यातून काही जाता कामा नये. अर्जुनाने थोरल्या भावाचा मान राखून समजूत घातली. उपयोग झाला नाही.

इथे युधिष्ठिर जे करतो, ते मला साऱ्या पर्वात मोठे वाटते. त्याने भीमाला गप्प बसवले खरे, पण हो म्हणायला भाग पाडले नाही. विदुराला त्याने निरोप दिला : माझ्या आणि अर्जुनाच्या वाट्यातून हवे तेवढे घ्या; भीमावर मात्र रागावू नका, त्याने वनात थंडी, ऊन, पाऊस सोसला आहे. ज्याला देता येते तो देईल, ज्याला येत नाही त्याच्या दुखण्याचीही कदर होईल. 15 वर्षांपूर्वीच्या हुकमापेक्षा ही समज कितीतरी खोल आहे. भीमाने काय भोगले, याची कबुली युधिष्ठिराने काकांपुढे अखेर दिली. ती आधी मिळाली असती, तर कदाचित दंड थोपटावे लागले नसते.

कार्तिकी पौर्णिमेला ते निघाले. पुढे कुंती, तिच्या खांद्यावर गांधारीचा हात, गांधारीच्या खांद्यावर धृतराष्ट्राचा. ज्याने शंभर मुलगे मारले, त्याच्या आईचा आधार घेऊन गांधारी चालत होती. कुंती निरोप देऊन परत फिरेल, अशी सगळ्यांची समजूत होती. ती फिरलीच नाही. मुलांनी विनवण्या केल्या. भीमाने तर विचारले, वनातच जायचे होते तर आमच्याकडून एवढा संहार का करवलास? तिचे उत्तर सरळ होते : तुम्ही धुळीला मिळू नये म्हणून मी तुम्हाला लढायला उभे केले, मुलांनी जिंकलेले राज्य मला भोगायचे नाही. सासू-सासऱ्यांच्या जागी असलेल्या या दोघांची सेवा तिने निवडली. जाता जाता कर्णाला विसरू नकोस, असे तिने युधिष्ठिराला बजावले.

गांधारीच्या वनातल्या या दिवसांवर इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये लिहिले आहे, वाचकांनी ते जरूर वाचावे. पुढच्या लेखांकात आपण गंगाकाठच्या त्या रात्रीकडे जाऊ, जेव्हा व्यासांनी युद्धात पडलेल्यांना पाण्यातून वर बोलावले आणि पांडव कर्णाला भाऊ म्हणून भेटले.