ट्रामने हलवलेली वेधशाळा

पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेची मूळ आखणी नारायणगाव परिसरातून जाणार होती. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीला अडथळा होईल म्हणून रेल्वे मंत्रालयाने ती बाजूला ठेवली आणि शिर्डीच्या अंगाने जाणारा मार्ग पुढे आणला. तेव्हापासून जुन्नर, आंबेगाव, खेड या तालुक्यांत एक प्रश्न वेगवेगळ्या सुरांत ऐकू येतो: दुर्बीण बघणार आभाळाकडे, गाडी धावणार जमिनीवरून, मग कोण कोणाच्या आड येते? प्रश्न रास्त आहे. ‘शास्त्रज्ञांनी सांगितलंय’ एवढ्यावर त्याची बोळवण करणे बरे नाही.

आड येते ती ठिणगी. विजेच्या गाडीचा पँटोग्राफ, म्हणजे टपावरचा वीज घेणारा सांगाडा, २५ हजार व्होल्टच्या तारेला घासत जातो. वेगात असताना तार आणि पँटोग्राफ यांची क्षणभर फारकत होते आणि ठिणगी उडते. रात्री गाडीच्या टपावर अधूनमधून निळसर लख्ख उजेड पडतो, तो हाच. हाइनरिश हर्ट्झने १८८७च्या सुमारास प्रयोगशाळेत पहिल्यांदा रेडिओ लहरी निर्माण केल्या त्या ठिणगीतूनच, आणि मार्कोनीचे सुरुवातीचे प्रक्षेपकही ठिणगीवरच चालत. त्यामुळे धावती विजेची गाडी हा एक प्रक्षेपकच म्हणायचा, आणि तोही बेशिस्त. आकाशवाणी आपल्याला नेमून दिलेल्या वारंवारतेवर बोलते. ठिणगीला असला नेम नाही. ती जितकी क्षणिक, तितक्या जास्त वारंवारतांवर तिचा गोंगाट पसरतो. त्यात गाडीची वायरलेस यंत्रणा आणि शेकडो प्रवाशांचे मोबाइल मिळवा.

खोडदच्या डिश साधारण १२० ते १४५० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात ऐकतात. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश. त्यातल्या १४ मध्यभागी दाटीने, उरलेल्या १६ तीन बाजूंना पसरलेल्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत २५ किलोमीटर. आकाशातून येणारा संदेश किती क्षीण असतो याची कल्पना देणारा एक हिशेब मला फार आवडतो. एखादा साधा मोबाइल चंद्रावर नेऊन चालू केला, तर त्याच्या वारंवारतेवर तो पृथ्वीवरून दिसणाऱ्या सर्वांत ठळक रेडिओ स्रोतांच्या पंक्तीत जाऊन बसेल. सूर्य आणि आकाशातले मोजके बलाढ्य स्रोत सोडले, तर बाकी सगळ्या दीर्घिका त्याच्यापुढे फिक्या. हे पावणेचार लाख किलोमीटरवरच्या मोबाइलचे झाले. खिशातल्याचे काय होत असेल ते बघा. दर वर्षी विज्ञान दिनाला खोडदला जत्रेसारखी गर्दी होते, तेव्हा मोबाइल बंद करायला लावतात ते उगीच नाही.

जीएमआरटी उभारणाऱ्या गोविंद स्वरूप यांनी खोडदची जागा निवडली तेव्हा मुंबई-पुण्याचा रेडिओ गोंगाट अडवणारे डोंगर हा एक मोठा निकष होता. (याच स्वरूप यांनी १९६५ साली भारतातली पहिली मोठी रेडिओ दुर्बीण उभारली ती कल्याणला! कल्याण, जिथे आज दोन लोकलच्या मध्ये शांततेची मिनिटेही मिळत नाहीत.)

पण शांतता शोधत वेधशाळेने शहरापासून दूर जाण्याची महाराष्ट्रातली ही पहिली गोष्ट नव्हे. पहिली गोष्ट ट्रामची आहे, आणि तिचा नायक आपण जवळजवळ विसरलो आहोत.

मुंबईत कुलाब्याला ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली वेधशाळा बांधली. पुढे तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद सुरू झाली. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनी काही काळ तिचा कारभार पाहिला, केरूनाना छत्र्यांनी तिथेच वेध घेतले. काम कंटाळवाणे होते. टांगलेली चुंबकपट्टी किती वळली हे लांबून छोट्या दुर्बिणीतून वाचायचे आणि वहीत मांडायचे, तासामागून तास, वर्षामागून वर्ष. १८९६ साली या वेधशाळेचे संचालकपद नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस यांच्याकडे आले. एडिंबरोला शिकून आलेले हे पारशी गृहस्थ.

मूस खुर्चीत बसतात न बसतात तोच मुंबईत घोड्यांची ट्राम विजेवर नेण्याचा विचार सुरू झाला. शहराला ते हवेच होते. वेधशाळेला मात्र तो कर्दनकाळ होता. का, ते कागदावर मांडून बघण्यासारखे आहे. मुंबईतले पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र आडव्या दिशेने सुमारे ३८ हजार नॅनोटेस्ला. शांत दिवशी सूर्याच्या उगवत्या-मावळत्या तालावर ते जेमतेम काही दशक नॅनोटेस्लांनी वरखाली होते, आणि वेधशाळेला पकडायची असते ती हीच हालचाल. आता लांब सरळ तारेतून ५० अँपिअर प्रवाह वाहू द्या: १०० मीटरवर तिचे क्षेत्र भरते १०० नॅनोटेस्ला. वर तार आणि खाली रूळ यांतले प्रवाह उलट दिशांचे, त्यामुळे ते एकमेकांना बरेचसे मारून टाकतात, हे खरे. पण ट्रामच्या रुळांतला प्रवाह रुळांतच राहत नाही. तो जमिनीत पाझरतो, पाण्याच्या नळातून, ओल्या मातीतून वाट काढत वीजकेंद्राकडे परततो, आणि मग हिशेब विस्कटतो. ट्राम थांबली, सुटली, चढाला लागली की चुंबकपट्टी थरथरणार. सूर्याने काय केले आणि ट्रामच्या ड्रायव्हरने काय केले, हे वहीत वेगळे काढता येणार नाही. लंडनजवळच्या क्यू वेधशाळेचे चुंबकीय काम याच कारणाने स्कॉटलंडमधल्या एस्कडेलमुइरला न्यावे लागले.

ट्राम शहराबाहेर जाणार नव्हती, तेव्हा वेधशाळेनेच जायचे ठरले. मूस यांनी जागा पसंत केली ती खाडीपलीकडे, अलिबागला. तिथले बांधकाम हा एक वेगळाच लेख होईल. आपला काळा दगड इथे चालत नाही, कारण बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट असते आणि भिंतच चुंबक होऊन बसते. म्हणून पोरबंदरचा दगड आणला. खिळे, बिजागऱ्या, कड्या तांब्या-पितळेच्या. लोखंडाला आत प्रवेश नाही.

मूस यांच्या दृष्टीचा खरा कस लागतो तो पुढे. अलिबाग तयार झाल्यावर त्यांनी कुलाबा लगेच बंद केले नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या. दोन ठिकाणांत नेमका फरक किती, हे हातात आले आणि १८४६ पासूनची मालिका तुटली नाही. १९०७ च्या मे महिन्यात मुंबईत विजेची ट्राम धावली. १९१० मध्ये मूस यांनी साठ वर्षांच्या नोंदी आणि त्यांचे विश्लेषण दोन जाडजूड खंडांत प्रसिद्ध केले. चुंबकीय वादळांची सरासरी चाल काढण्याची त्यांची पद्धत वादळाची तीव्रता मोजायला पुढे जगभर रुळलेल्या निर्देशांकाच्या फार जवळची आहे. ट्राम १९६४ साली बंद पडली. अलिबागची वेधशाळा अजून चालू आहे. मूस यांचे नाव शाळेच्या कुठल्याही पुस्तकात मला सापडलेले नाही.

या वह्यांचा उपयोग काय, असे त्या वेळी कोणी विचारले असते, तर मूस यांनाही ठोस उत्तर देता आले नसते. उत्तर आले २००३ साली. १ सप्टेंबर १८५९ रोजी रिचर्ड कॅरिंग्टन या इंग्रज खगोलज्ञाने सूर्यावर लख्ख स्फोट पाहिला होता. साडेसतरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ थडकले. अमेरिकेत तारमास्तरांनी बॅटऱ्या काढून टाकल्या तरी तारा चालत होत्या. वादळ किती मोठे होते? बऱ्याच ठिकाणी उपकरणांचा काटा पट्टीबाहेर गेला होता. विषुववृत्ताच्या बऱ्यापैकी जवळ असलेल्या कुलाब्याला मात्र कर्मचारी वहीत आकडे लिहीत बसले होते. ब्रूस त्सुरुतानी आणि भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ष लखिना यांच्या गटाने त्या नोंदी पुन्हा वाचल्या: क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी खाली आले होते.

हा आकडा बातम्यांत फार सैल हाताने वापरला जातो. १९८९ च्या मार्चमध्ये ज्या वादळाने कॅनडातल्या क्वेबेकचे साठ लाख लोक सुमारे नऊ तास अंधारात ठेवले, त्याचा आकडा ५८९. लगेच ‘जवळपास तिप्पट महाप्रलय’ अशी शीर्षके होतात. पण १६०० हा एका ठिकाणचा, एका क्षणाचा आकडा आहे. ५८९ ही अनेक वेधशाळांची तासाभराची सरासरी. कुलाब्याचीही तासाची सरासरी काढली तर आकडा बराच उतरतो. तरीही वादळ अजस्रच होते, आणि उपग्रह व विजेची जाळी सांभाळणारे अभियंते ‘वाईटात वाईट काय होऊ शकेल’ याचा अंदाज बांधताना कुलाब्याच्या वहीपाशी येतातच.

जीएमआरटीला मूस यांचा मार्ग मोकळा नाही. चुंबकपट्ट्या होडीतून नेता येतात. २५ किलोमीटरवर पाय रोवलेल्या ३० डिश नेता येत नाहीत. म्हणून या वेळी वळसा गाडीने घ्यायचा. मला हा निर्णय योग्य वाटतो. मात्र ट्रामच्या वेळी गैरसोय झाली ती वेधशाळेची आणि सोय झाली ती शहराची. इथे गैरसोय टोमॅटो-द्राक्षांच्या पट्ट्यातल्या शेतकऱ्याची आहे आणि सोय जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांची. त्याने कुरकुर केली तर त्याला विज्ञानविरोधी ठरवू नये.

शिवाय रूळ वळवून सगळा गोंगाट टळतो, असाही कोणी समज करून घेऊ नये. खालच्या वारंवारतांवर खोडदला जुना त्रास आहे तो विजेच्या खांबांवरच्या सैल जोडण्यांचा आणि तडकलेल्या इन्सुलेटरांचा, म्हणजे पुन्हा ठिणग्यांचाच. आणि नवा त्रास डोक्यावर आहे. २०२३ मध्ये नेदरलँड्सच्या लोफार दुर्बिणीने दाखवून दिले की स्टारलिंकचे उपग्रह ठरलेल्या वारंवारतांखेरीज ११० ते १८८ मेगाहर्ट्झ पट्ट्यातही नकळत रेडिओ लहरी गळू देतात. पुढच्या पिढीच्या उपग्रहांची गळती पहिल्यांपेक्षा ३२ पटींपर्यंत तीव्र निघाली. त्यांना नारायणगावचा डोंगर अडवत नाही आणि त्यांची आखणी दिल्लीत बदलता येत नाही.

जमिनीवर मात्र एक गोष्ट आजही करता येईल, मूस यांच्याच धाटणीची. रूळ पाच किलोमीटरवर असले तर कोणत्या वारंवारतेवर किती गोंगाट, पंधरावर किती, पन्नासवर किती, डोंगर मध्ये असला तर किती कमी, असा साधा तक्ता मराठीत छापावा आणि खोडदपासून मंचरपर्यंत प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावा. पिकाला कोणत्या फवारणीची किती मात्रा हे रोज वाचणाऱ्या माणसाला तो समजायला अजिबात जड जाणार नाही.