विसाच्या नोटेमागचा समुद्र

बँकेत अडतीस वर्षं काढलेल्या माणसाला नोटेवरचं चित्र दिसत नाही, हे मी स्वानुभवानं सांगतो. शंभर नोटांचं पाकीट, दहा पाकिटांचं बंडल; बोट ओल्या स्पंजवर आणि लक्ष आकड्यावर. २००१ साली महात्मा गांधी मालिकेतली तांबूस रंगाची विसाची नोट आली. तिच्या मागच्या बाजूला माडांआडून समुद्र दिसतो, हे मला आमच्या सौ.नं घरी दाखवलं.

"हे कुठलं हो?"

चौकशी करून सांगितलं, अंदमानातला नॉर्थ बे. ते दीपगृहही तिथलंच.

"जाऊ या एकदा," ती म्हणाली आणि ती कोरी नोट पोथीत ठेवून दिली.

'एकदा' म्हणजे कधी, हे मध्यमवर्गीय घरात कुणी विचारत नाही. बदल्या, मार्चअखेर, मुलीचं शिक्षण. प्रवास सवलतीचे पैसे आम्ही गावच्या घराच्या छपराला लावले. २०१९ साली मी निवृत्त झालो, त्याच वर्षी विसाची नवी नोट आली. तिच्यावर आपलं वेरूळ. तोवर मधुमेहानं सौ.च्या डोळ्यांचा पडदा धरला होता. मधलं धूसर, कडेचं तेवढं दिसतं. गेल्या हिवाळ्यात तीच म्हणाली, "आहे तेवढं दिसतंय तोवर जाऊन येऊ."

पोर्ट ब्लेअरला २०२४ पासून श्रीविजयपुरम म्हणतात. तिथल्या ॲबर्डीन जेट्टीवरून सकाळी लाँच निघाली. लाइफ जॅकेटचे बंद बांधताना सौ. म्हणाली, "तुम्ही बघा आणि मला सांगत राहा." आली का पंचाईत! जन्मात कधी नीट पाहिलं नाही, ते आता दोघांसाठी पाहायचं.

पहिलं बेट रॉस. २०१८ पासून त्याचं नाव नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. १८५८ साली इंग्रजांनी अंदमानात बंदिवानांची वसाहत थाटली, तिचं मुख्यालय इथं होतं. कैद्यांनी जंगल तोडलं आणि साहेबांसाठी चर्च, बेकरी, नाचघर उभं राहिलं. १९४१ चा भूकंप झाला, पुढच्याच वर्षी जपानी आले आणि तो सगळा थाट मोडला. मी हे घडाघडा सांगत होतो. सौ. मात्र चर्चच्या पडक्या भिंतीवर हात फिरवत उभी. "झाडानं भिंत धरलीय, हे सांगितलंच नाहीत तुम्ही. वीट कुठं संपते आणि मूळ कुठं सुरू होतं, कळत नाही."

मी गप्प. समोर पाण्यापलीकडे सेल्युलर जेल. १९०६ साली पुरा झालेल्या त्या तुरुंगाच्या सात भुजांपैकी आज तीन उरल्या आहेत. सावरकरांना १९११ साली तिथं आणलं. मराठी घरात अंदमान म्हणजे काळं पाणी. प्रत्यक्षात ते पाणी मोरपिशी आहे, हे तिला सांगताना माझाच आवाज चोरट्यासारखा झाला. एका काठावर नाचघर, दुसऱ्यावर कोलू. मध्ये हे एवढं सुंदर पाणी!

नॉर्थ बे हे वेगळं बेट नव्हे, दक्षिण अंदमानचाच किनारा. तिथं काचेच्या तळाच्या बोटीत बसलो. खाली प्रवाळ, काही मेंदूसारखं घड्याघड्यांचं, काही सांबरशिंगासारखं. मी वर्णनाचे शब्द शोधत होतो, तेवढ्यात सौ. ओरडली, "अहो, तो बघा पिवळा!" काचेच्या अगदी कडेनं एक मासा सुळकन गेला. मला दिसलाच नाही. कडेचं पाहायची सवय तिला, मला नाही.

किनाऱ्यावर तिनं पर्समधून ती जुनी नोट काढली. "आहे का हो तसंच?"

खरं ते सांगितलं. "नाही. ते चित्र लांबून काढलंय. आपण जवळ आहोत."

क्षणभर थांबून ती म्हणाली, "म्हणजे आपण चित्राच्या आत आहोत."

मग शहाळी घेतली. पैसे देताना तिनं तीच नोट इतर नोटांत सरकवली. मी हात धरला, तर म्हणाली, "राहू द्या. तिचं काम झालं."

शहाळेवाल्यानं नोटा मोजल्या आणि वर न बघता गल्ल्यात टाकल्या. त्याला काय बोलणार? अडतीस वर्षं मीही तेच करत आलो होतो.