डोलन, निवासी ट्रेलरचे

मोटारगाडीच्या मागे जोडून ओढला जाणारा निवासी ट्रेलर (ब्रिटनमधील रूढ नाव कॅरव्हॅन) वेगात असताना जोडाच्या बिंदूभोवती आलटून पालटून डावीउजवीकडे झुलू लागतो. या क्रियेस ट्रेलरचे डोलन म्हणतात. सौम्य डोलन आपोआप शमते. परंतु एका विशिष्ट वेगापुढे प्रत्येक झोका आधीच्या झोक्याहून मोठा होत जातो आणि काही सेकंदांतच ट्रेलर गाडीलाही आपल्याबरोबर फिरवून दोन्ही वाहने उलटवू शकतो. वाऱ्याचा झोत किंवा शेजारून गेलेला मोठा मालट्रक यांना अशा अपघाताचे कारण समजण्यात येते. वस्तुतः ते केवळ निमित्त होय. झोका वाढणार की विरणार, हे ट्रेलरमधील भाराची मांडणी आणि वेग यांवरून आधीच ठरलेले असते.

ट्रेलर झुलू लागला की त्याची चाके रस्त्यावर किंचित आडवी सरकू पाहतात. टायर या सरकण्यास विरोध करतात व त्यामुळे ट्रेलर पुन्हा रेषेत येतो. मात्र जडत्वामुळे तो रेषा ओलांडून पलीकडे जातो आणि आंदोलन सुरू होते. ते शमविण्याचे म्हणजे संदमनाचे कार्यही टायरच करतात. टायरचा विरोध चाकाची दिशा व त्याच्या प्रत्यक्ष गतीची दिशा यांमधील कोनावर अवलंबून असतो. झुलण्याची गती तीच राहून पुढे जाण्याचा वेग दुप्पट झाला, तर झुलण्यामुळे पडणारा हा कोन सुमारे निम्मा होतो व संदमनही तेवढे घटते. ओढणारी गाडी स्वतः प्रत्येक झोक्याबरोबर थोडी वळत असल्याने संदमन आणखी क्षीण होते. ज्या वेगाला ते शून्यावर येते, तो त्या जोडीचा क्रांतिक वेग होय. ताशी ८० किमी. वेगाने निर्धोक वाटलेली जोडी ताशी १०० किमी. वेगाने अकस्मात बेफाम होते, ती यामुळेच.

भाराच्या मांडणीचे महत्त्व बैलगाडीवरून सहज ध्यानात येते. मागे जास्त भरलेली गाडी उलाळ होते व जू वर उचलले जाते. ट्रेलरचा गुरुत्वमध्य आसाच्या मागे गेल्यास तो गाडीचा मागील भाग असाच वर उचलू पाहतो. गाडीच्या मागील चाकांची रस्त्यावरील पकड कमी होते आणि क्रांतिक वेग खाली येतो. म्हणून जोडाच्या गोळ्यावर खाली दाबणारा पुरेसा भार असावा लागतो. त्यास येथे अग्रभार म्हटले आहे. अमेरिकेत तो भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के ठेवतात. म्हणजे २,००० किग्रॅ. वजनाच्या ट्रेलरसाठी २०० ते ३०० किग्रॅ. ब्रिटनमध्ये ट्रेलर हलके व गाड्या लहान असल्याने ५ ते ७ टक्क्यांची शिफारस केली जाते. गाडीच्या व जोडाच्या उत्पादकाने ठरवून दिलेली अग्रभाराची कमाल मर्यादा मात्र कोठेही ओलांडता येत नाही.

अग्रभार नकळत कसा घटतो, हे पाहण्यासारखे आहे. जोडापासून आस ५ मी. अंतरावर असलेल्या ट्रेलरच्या मागील टोकाला, आसापासून २·५ मी. मागे, ४० किग्रॅ. वजनाच्या सायकली टांगल्यास अग्रभार २० किग्रॅ.ने कमी होतो. आसामागील टाकीत भरलेले पाणीही हाच परिणाम घडविते. त्यामुळे अग्रभार अंदाजाने न ठरविता, सामान भरल्यानंतर सपाट जागेवर जोड नेहमीच्या उंचीवर ठेवून वजनकाट्यावर मोजणे इष्ट असते.

अग्रभार योग्य असूनही ट्रेलर डोलू शकतो. दोन्ही टोकांना समतोल साधून जड वस्तू ठेवल्या, तर अग्रभार बदलत नाही, पण निरूढी परिबल वाढते आणि एकदा सुरू झालेला झोका आवरणे टायरांना जड जाते. यास्तव जड सामान आसाजवळ व तळाशी, तर हलके सामान टोकांना व वरच्या कपाटांत ठेवतात. ब्रिटनमधील बाथ विद्यापीठात झालेल्या प्रयोगांतही निरूढी परिबल, अग्रभार व आसाचे स्थान यांचा वेगातील स्थैर्यावर मोठा प्रभाव दिसून आला. टायरमधील हवा योग्य दाबाची असणे, ट्रेलर आडवा समपातळीत किंवा पुढे किंचित झुकलेला असणे आणि गाडी ट्रेलरपेक्षा पुरेशी जड असणे याही आवश्यक बाबी आहेत. नवशिक्या चालकाने गाडीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांहून जड कॅरव्हॅन ओढू नये, असा ब्रिटनमध्ये सल्ला देतात.

जोडाच्या गोळ्यास घर्षणपट्ट्यांनी आवळणारी स्थिरके डोलनास विरोध करतात. अमेरिकेत वापरला जाणारा भार-वितरक जोड अग्रभाराचा काही भाग गाडीच्या पुढील चाकांवर नेतो. त्याला डोलनरोधक समजण्याची चूक अनेकदा होते, पण ते कार्य वेगळ्या घर्षणयंत्रणेचे असते. इलेक्ट्रॉनीय यंत्रणा डोलन ओळखून ब्रेक आपोआप लावतात. या साधनांमुळे क्रांतिक वेग वाढतो किंवा झोका आवरला जातो; चुकीच्या मांडणीची भरपाई त्यांनी होत नाही. कायद्याने घातलेल्या वेगमर्यादाही याच कारणास्तव कडक असतात. कॅरव्हॅन ओढणाऱ्या मोटारीस ब्रिटनमध्ये द्रुतगती मार्गावर ताशी ६० मैलांची (सु. ९७ किमी.), तर जर्मनीत सर्वसाधारणपणे ताशी ८० किमी.ची मर्यादा आहे. जर्मनीत ठराविक तांत्रिक अटी पुऱ्या केल्यास ताशी १०० किमी.ची मुभा मिळते.

डोलन सुरू झाल्यावर चालकाची स्वाभाविक प्रतिक्रियाच घातक ठरते. पूर्ण झोक्यास साधारण एक ते दोन सेकंद लागतात. चालक सुकाणू चक्र उलट फिरवितो, तोवर ट्रेलर परत निघालेला असतो आणि ते वळण त्याला आवरण्याऐवजी पुढचा धक्का देते. म्हणून चक्र सरळ व स्थिर धरून गतिवर्धकावरील पाय हळूहळू काढतात. गाडीचा ब्रेक जोराने दाबल्यास ट्रेलर मागून रेटा देतो व घडी पडल्यागत गाडीवर वळतो. वेग वाढवून ट्रेलर ताणण्याचा प्रयत्नही करू नये. त्याने जोडी क्रांतिक वेगाच्या आणखी पुढे जाते. विद्युत् ब्रेक असलेल्या अमेरिकन ट्रेलरांचे ब्रेक चालकाजवळील हातदांड्याने स्वतंत्रपणे लावता येतात व त्याने ट्रेलर मागे ताणला जाऊन रेषेत येतो. यूरोपीय ट्रेलरांचे ब्रेक ट्रेलरच्या रेट्यानेच लागत असल्याने तेथील चालकास हा उपाय उपलब्ध नसतो. लांब उतारावर रेटा वाढतो. म्हणून उतार लागण्यापूर्वीच वेग कमी करून खालचा गिअर टाकतात.