गुणांकनाचा ताळेबंद

रत्नागिरीतल्या बुद्धिबळप्रेमी मुलाला तुल्यबळ प्रतिस्पर्धी हवा असला, की एकेकाळी घाट चढून सांगली-कोल्हापूर किंवा मुंबई-पुणे गाठावे लागे. आता वडील दुकान वाढवून घरी येईपर्यंत मुलगा ब्राझील आणि पोलंडच्या खेळाडूंशी चार डाव खेळून मोकळा झालेला असतो. सोय मोठीच आहे. पण तिच्या मागोमाग घरात एक आकडाही आला. गुणांकन, मुलांच्या भाषेत रेटिंग. तो चढला की मुलाची कळी खुलते. उतरला की गेलेले गुण त्याच रात्री परत मिळवण्यासाठी तो पुन्हा पडद्यासमोर बसतो आणि आणखी गमावतो.

हा आकडा मोजतो तरी काय? हंगेरीत जन्मलेले, अमेरिकेत भौतिकशास्त्र शिकवणारे प्राध्यापक अर्पाद एलो यांनी ही पद्धत बसवली. जागतिक बुद्धिबळ महासंघाने, म्हणजे फिडेने, ती १९७० मध्ये स्वीकारली. ऑनलाइन खेळाच्या पद्धती तिच्याच पुढच्या पिढीतल्या. व्यापारी घराला तिचे सूत्र अवघड वाटू नये. दोघांच्या गुणांतील फरकावरून निकालाची अपेक्षा आधीच मांडली जाते. प्रत्यक्ष निकाल तिच्याहून जितका वेगळा, त्या प्रमाणात गुण जमा होतात किंवा नावे पडतात. २०० गुणांनी कमी असलेल्या खेळाडूविरुद्ध १०० डावांत सुमारे ७६ गुणांची अपेक्षा धरलेली असते. एका डावाची कमाल उलाढाल २० गुणांची मानली, तर त्याला हरवून जेमतेम ५ गुण मिळतात आणि त्याच्याकडून हरल्यास १५ जातात. दुबळे प्रतिस्पर्धी वेचून नफा करण्याची वाट येथे बंद आहे. खेळ सुधारला, तरच गुण टिकून वाढतात.

खेळ सुधारतो तो हरलेल्या डावांतून. प्रतिक्रमणात दिवसभरातील दोष एकेक करून आठवावे लागतात, तसा हरलेला डाव पहिल्या चुकीपर्यंत मागे न्यावा. संगणकाचे उत्तर लगेच पाहू नये. आपण त्या क्षणी काय समजत होतो, हे आधी वहीत लिहावे. नवशिक्यांचे बहुतेक डाव गहन डावपेचांमुळे जात नाहीत. घोडा किंवा हत्ती फुकट दिला जातो, इतकेच. म्हणून प्रत्येक खेळीपूर्वी प्रतिस्पर्ध्याची धमकी पाहण्याची सवय, रोज थोडी कोडी, आणि राजा-प्याद्यांची अंतिम अवस्था, एवढा अभ्यास दीर्घकाळ पुरतो. एका मिनिटाचे डाव गंमत म्हणून ठीक. त्यांत विचार होत नाही, जुन्या खोडी मात्र पक्क्या होतात. १५ मिनिटांचे दोन डाव अधिक शिकवतात. लागोपाठ दोन हरले, की त्या दिवसापुरता पट मिटावा.

चारही कषाय या खेळात भेटतात. हरल्यावर क्रोध, जिंकल्यावर मान, आणखी एका डावाचा लोभ. माया सर्वांत घातक: दुसऱ्या खिडकीत संगणकाला विचारून खेळी करणे. संकेतस्थळे अशा खेळ्या तपासतात आणि खाते बंद करतात. खाते नवे उघडता येते. घरच्यांपासून लपवण्याची लागलेली सवय सहजी जात नाही. पालकांनी लक्ष द्यायचे ते आकड्याआधी येथे.

ऑनलाइन पराभव खेळाबाहेरच्या कारणानेही पदरी येतो. ऑगस्ट २०२० मधील ऑनलाइन ऑलिंपियाडमध्ये नाशिकचा विदित गुजराथी भारताचा कर्णधार होता. रशियाविरुद्धच्या अंतिम लढतीत निहाल सरीन आणि नागपूरची अवघी १४ वर्षांची दिव्या देशमुख यांचा संपर्क तुटला व दोघांचे डाव वेळेवर गेले. भारताच्या अपिलानंतर फिडेने दोन्ही संघांना सुवर्णपदक दिले.

ऑनलाइन गुण फिडेच्या गुणांकनात धरले जात नाहीत, हेही मुलाला वेळीच सांगावे. त्यासाठी मान्यताप्राप्त स्पर्धेत समोरासमोर बसावेच लागते. दिव्या जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बाटुमी येथे तशीच बसली. महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत कोनेरू हम्पीविरुद्धचे दोन्ही दीर्घ डाव बरोबरीत सुटले, जलद डावांत दिव्या जिंकली आणि भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली.