पंधरा मिनिटांचा नेम

गावात योगासनांचे शिबिर झाले की आमच्या दवाखान्यात दोन प्रकारची माणसे येतात. पहिल्या आठवड्यात कंबर नाही तर मान धरलेली, आणि महिन्याभराने "डॉक्टर, सुरू केलं होतं, पण सुटलं" असे सांगणारी. पहिल्यांचा इलाज सोपा असतो. शेक, दोन दिवस आराम. दुसऱ्यांचा अवघड. २०१५ पासून दरवर्षी २१ जूनला आंतरराष्ट्रीय योग दिन साजरा होतो. शाळेच्या मैदानावर सतरंज्या पडतात, फोटो छापून येतात. २२ तारखेला मैदान पुन्हा मोकळे.

योगाभ्यास आपल्याकडे नवा नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि आसने व प्राणायामाचा शरीरावर काय परिणाम होतो हे उपकरणे लावून तपासण्याचे काम तिथे चालवले. त्यामुळे याचा उपयोग होतो का, हे माझ्या रुग्णांना पटवावे लागत नाही. ते पटलेलेच असते. रोज घडत नाही, हे खरे दुखणे. जुनी कंबरदुखी, थोडा वाढलेला रक्तदाब, उडालेली झोप यांत जो काही गुण येतो तो रोज थोडे थोडे करण्याने येतो. रविवारी दीड तास करून आठवड्याचा अनुशेष भरून काढणारे सोमवारी अंग धरले म्हणून येतात.

पन्नाशीच्या एक बाई आहेत. साखर वाढलेली, गुडघे कुरकुरणारे. "मला मेलीला नियम म्हणून कुठला पाळता येत नाही," हे त्यांचे ठरलेले उत्तर. एकदा मी विचारले, "चातुर्मासात काही धरता का?"

"धरते की. गोपद्मं. रोज तेहतीस."

"मध्ये एखादा दिवस कंटाळा आला म्हणून चुकवता?"

"छे हो, असं कसं चालेल? नेम आहे तो!"

चार महिने रोज तेहतीस गोपद्मे रांगोळीने काढणारी बाई नियम पाळता येत नाही म्हणते, हे मला पटेना. (२०२३ साली अधिक श्रावण आला आणि चातुर्मास पाच महिन्यांचा झाला, तेव्हाही त्यांनी काढली.) मग नेमात असे काय आहे जे योगासनांच्या संकल्पात नसते?

पहिली गोष्ट, नेम लहान असतो. कांदा, लसूण, वांगे सोडायचे किंवा एक अध्याय वाचायचा. योगाचा संकल्प करताना मात्र आपण पहाटे चारला उठून तासभर बारा सूर्यनमस्कार, सर्वांगासन आणि प्राणायाम असे सगळे एकदम ठरवतो. चौथ्या दिवशी पाहुणे येतात आणि तास मिळत नाही, म्हणून काहीच होत नाही. पंधरा मिनिटे ठरवावीत. ताडासन, भिंतीचा आधार घेऊन वृक्षासन, पाठीवर झोपून एकेका पायाचे पवनमुक्तासन, पालथे होऊन भुजंगासन, बसून वक्रासन, पाच मिनिटे संथ श्वास, शेवटी शवासन. नवशिक्याला एवढे पुष्कळ झाले, पण ते जाणकारासमोर शिकून घ्यावे. ज्या दिवशी तेही जमणार नाही त्या दिवशी फक्त ताडासन आणि दहा सावकाश श्वास. पण सतरंजी अंथरायचीच.

दुसरी, नेम घड्याळाला बांधलेला नसतो, कामाला बांधलेला असतो. आंघोळ झाली की पोथी, सडा झाला की रांगोळी. आमच्याकडे नळाला पाणी कधी पहाटे येते, कधी आठला. तिथे "बरोबर सहा वाजता" हे टिकत नाही. दात घासले की आसने, आसने झाली की चहा, असे जोडून टाकावे. माझ्या ओळखीचे एक एसटी चालक ड्युटी उतरल्यावर आंघोळीच्या आधी करतात, मग ती उतरो कोणत्याही वेळी. जेवणानंतर साडेतीन-चार तास गेलेले असावेत, एवढेच ते पाहतात.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली व सहकाऱ्यांनी ९६ जणांवर याच प्रश्नाचा अभ्यास केला, तो २०१० साली छापून आला. रोजच्या एखाद्या प्रसंगाला जोडलेली नवी कृती अंगवळणी पडायला मध्यम प्रमाणाने ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. पेलाभर पाणी पिण्यापेक्षा व्यायामाची सवय लागायला वेळ अधिक लागला. एकवीस दिवसांत सवय लागते असे जे सांगितले जाते, त्याच्या भरवशावर राहू नये. त्याच अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही असेही दिसले. आपल्या घरांतून हे ठाऊकच आहे. सुतक आले की नेम थांबतो, ते फिटले की पुढे सुरू होतो. मोडला म्हणून कुणी सोडून देत नाही.

आता स्त्रियांविषयी जरा स्पष्ट लिहितो. पूजेला बसलेल्या बाईला घरात कुणी हाक मारत नाही. तीच बाई शवासनात पडली की "चहा झाला का?" असे विचारले जाते, कारण ती नुसती पडली आहे असे सर्वांना वाटते. म्हणून हा माझा नेम आहे असे घरात सर्वांसमोर एकदा सांगून टाकावे. त्या बाईंनी तसे सांगितले. आता त्या वेळी गॅसवरचा कुकर यजमान बघतात.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगायची आहे. नेम धरला म्हणून गोळ्या सोडायच्या नाहीत. दहा दिवसांच्या शिबिरानंतर परस्पर गोळ्या बंद करून रक्तदाब दोनशेवर गेलेले एक दुकानदार माझ्याकडे आले होते. डोके दुखते म्हणून आले, हे नशीब. पुष्कळांचे दुखतही नाही. आसनांनी रक्तदाब उतरू लागला तर डोस कमी करण्याचा निर्णय तुमच्या डॉक्टरांना घेऊ द्यावा. काचबिंदू, मधुमेहाने खराब झालेला डोळ्याचा पडदा किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असलेल्यांनी शीर्षासन, सर्वांगासन आणि जोरजोराने केलेली कपालभाती यांच्या वाटेला जाऊ नये. हर्निया असलेल्यांनी व गरोदर स्त्रियांनी आधी विचारावे. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांना उपाशीपोटी घाम फुटला, हात थरथरले, तर तिथेच थांबून साखर खावी. आणि आसने करतो म्हणून चालणे बंद करू नये, दोन्ही लागतात.

ज्या दिवशी आसने झाली त्या तारखेवर भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये खूण करत जा. पुढच्या तपासणीला ते पान घेऊन या. रक्तदाबाच्या आकड्यांशेजारी ते ठेवून मला पाहता येईल.