संत्र्याच्या कोवळ्या कलमांवरील खुंटाचे फुटवे

संत्र्याची बाग लावून चार-पांच वर्षें जपावी, आणि बहार धरल्यावर कांहीं झाडांवर संत्र्यांऐवजीं खरबरीत सालीचीं, आंबट व बियांनीं भरलेलीं फळें लटकलेलीं दिसावीं, असा प्रसंग नागपूर-वऱ्हाडाकडील बागाईतदारांवर येतो. अशा वेळीं रोपवाल्यानें फसविलें, असा बोल लावण्यांत येतो. तो कधीं कधीं खराही असतो. परंतु पुष्कळदां कलम चांगलेंच असतें, आणि बागेंत लावल्यावर पहिल्या दोन-तीन वर्षांत खालून आलेल्या फुटव्यानें तें मारलेलें असतें. हें नुकसान टाळण्यास पैसा लागत नाहीं. वेळच्या वेळीं नजर टाकणें एवढेंच लागतें.

फुटवे कां येतात.— संत्र्याचें कलम एक झाड दिसलें तरी वस्तुतः तीं दोन झाडें आहेत. मुळ्या व खोडाचा वीतभर भाग जंबेरीचा, अथवा कोठें कोठें रंगपूर लिंबाचा असतो. त्यावर डोळा बांधून वाढविलेला सर्व भाग संत्र्याचा असतो. खालच्या भागास खुंट म्हणतात. खुंटाच्या सालींत अनेक डोळे निद्रिस्त असतात. झाडाचा शेंडा जोमांत वाढत असतो तोंपर्यंत शेंड्याकडून खालीं उतरणाऱ्या वाढीच्या द्रव्यामुळें हे डोळे दबून राहतात. शेंडा वाळला, खोडास कुदळीचा किंवा वखराचा मार लागला, पाण्याची ओढ बसली, अथवा बांधलेला डोळाच दुर्बळ निघाला, म्हणजे ते जागे होतात. फुटवा मुळांस जवळ असल्यामुळें पाणी व अन्न तोच आधीं ओढतो. एका हंगामांत तो संत्र्याच्या फांदीबरोबर येतो, पुढच्या हंगामांत तिच्यावर सावली धरतो, आणि अखेर संत्रा वाळून जंबेरीच शिल्लक राहते.

फुटवा ओळखण्याच्या खुणा.— पहिली व सर्वांत खात्रीची खूण म्हणजे जागा. कलमाच्या खोडाकडे पाहिल्यास जमिनीपासून सुमारें ९-१० इंचांवर खोडास किंचित् बांक किंवा गांठ दिसते, आणि तिच्या वरची व खालची साल रंगानें निराळी असते. हा सांधा होय. सांध्याच्या खालून निघालेली प्रत्येक फूट खुंटाची, मग ती कितीही सतेज दिसो. सांधा मातींत गाडला गेला असेल तर आधीं माती सारून तो उघडा करावा. गाडलेल्या सांध्यामुळें फुटवे लपतात, इतकेंच नव्हे, तर ओल राहून सालीस डिंक्या रोगही लागतो.

दुसरी खूण पानाची. संत्र्याचें पान निमुळतें व गर्द हिरवें असतें. जंबेरीचें पान त्या मानानें रुंदट व फिकट असून तिच्या अगदीं कोवळ्या शेंड्यावर जांभळट झांक असते. दोन्ही पानें चुरगळून हुंगावीं. जंबेरीस लिंबाचा वास येतो, संत्र्याच्या पानाचा वास निराळा असतो. एकदां दोन्ही शेजारीं धरून पाहिल्यावर गडीमाणसांसही हा भेद सहज कळतो.

कांट्यांवर मात्र भिस्त ठेवूं नये. जंबेरीस कांटे असतात हें खरें. परंतु संत्र्याच्या जोमदार नव्या फुटीसही ते येतात. सांध्याच्या वर खोडावरून सरळ उभे वाढणारे पानसोट असेच काटेरी, कोनदार व मोठ्या पानांचे असतात. ते संत्र्याचेच होत. त्यांपैकीं नको असलेले काढावे. परंतु फुटवे समजून सरसकट छाटूं नयेत, कारण मोडलेल्या फांदीची जागा भरून काढण्यास त्यांतील एखादा उपयोगी पडतो.

काढण्याची रीत.— फुटवा दोन-तीन इंच लांबीचा व कोवळा असतांनाच अंगठ्यानें खालच्या बाजूस दाबून मोडावा. अशा रीतीनें तो बुंध्याच्या डोळ्यांसह निघतो व जखम लवकर भरते. फुटवा जून झाला असल्यास धारदार चाकूनें सालीलगत, पण खोडाची साल न सोलतां, कापावा. खुंटी ठेवून छाटण्याची चाल फार वाईट. त्या खुंटीवरील डोळ्यांतून एकाच्या जागीं चार फुटवे येतात. मुळीवरून निघालेला फुटवा जमिनीलगत कापून उपयोग नाहीं. माती उकरून तो मुळापाशीं ओढून काढावा व माती पुन्हां सारखी करावी.

मोठ्या जखमेस बोर्डो मलम लावावें. एक किलो मोरचूद व एक किलो कळीचा चुना निरनिराळे भिजवून, एकत्र करून, सर्व मिळून दहा लिटर पाण्यांत हें मलम तयार होतें. चाकू एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेण्यापूर्वीं सोडियम हायपोक्लोराईटच्या पाण्यांत बुडवावा, कारण लिंबूवर्गीय झाडांचे कांहीं रोग हत्याराच्या पात्यावरून पसरतात. कोवळा फुटवा बोटानें मोडण्यांत हाही एक लाभ आहे. फुटवे मारण्यासाठीं तणनाशक औषध वापरूं नये. मुळ्या एकच असल्यानें त्याचा अपाय संत्र्यासही पोहोंचतो.

केव्हां पाहावें.— नवी पालवी फुटण्याच्या वेळीं, म्हणजे माघ-फाल्गुनांत, मृगाच्या पावसानंतर व पुन्हां पावसाळ्याच्या अखेरीस, दर पंधरवड्यास प्रत्येक झाडाच्या बुंध्याशीं बसून पाहावें. वीस फुटांवर लावलेल्या एकरांत सुमारें १०८ झाडें बसतात. एका माणसाचें हें एका सकाळचें काम आहे. पहिलीं तीन वर्षें हा क्रम मोडूं नये.

संत्रा वाळलाच असेल तर.— सांध्यावरील भाग मेला असेल व खुंट सजीव असेल, तर सर्व फुटवे काढून टाकण्याची घाई करूं नये. त्यांतील एक सरळ व निकोप फुटवा राखून बाकीचे काढावे, आणि हिंवाळ्यांत तो पेन्सिलीएवढा जाड झाल्यावर खात्रीच्या, निरोगी मातृवृक्षाचा डोळा त्यावर जमिनीपासून ९-१० इंच उंचीवर बांधावा. जुन्या मुळ्यांच्या बळावर असें झाड नव्या रोपापेक्षां लवकर उभें राहतें. परंतु डोळा न बांधतां त्या फुटव्यास तसेंच वाढूं देणें म्हणजे बागेचें पाणी व खत जंबेरीस घालणें होय.

नवीन कलमें घेतांनाही सांधा स्पष्ट दिसतो कीं नाहीं, व त्याच्या वरची फूट जोमदार आहे कीं नाहीं, हें पाहूनच घ्यावीं. आणि लावतांना सांधा जमिनीच्या वर राहील याची काळजी घ्यावी. ज्या झाडाचा सांधा डोळ्यांसमोर असतो, त्याचा फुटवा लपत नाहीं.