सिम परत आले तरी खाते का उघडत नाही?

बहुघटक प्रमाणीकरण, म्हणजे पासवर्डखेरीज ओळखीचा आणखी एक पुरावा मागणारी व्यवस्था, आता नागपूरच्या बड्या कचेऱ्यांपुरती राहिलेली नाही. पारशिवनीतील मालवाहतूकदाराच्या मुनिमालाही ई-वे बिल काढताना तिला सामोरे जावे लागते. मोबाइल हरवून कामाचे खाते उघडेनासे झाले, की जो तो एकच उपाय सुचवतो, तो म्हणजे जुन्याच क्रमांकाचे सिम काढून आणण्याचा. सिम येते, खाते मात्र बंदच राहते, आणि मग ‘नंबर तर तोच आहे ना, मग कोड काहून येत नाही?’ हा सवाल आयटी विभागाला पुनःपुन्हा ऐकावा लागतो.

हा समज इतका चिवट आहे, तो निम्मा खरा असल्यामुळे. ई-वे बिलासाठीची दुहेरी पडताळणी १ जानेवारी २०२५ पासून २० कोटींहून अधिक, १ फेब्रुवारीपासून ५ कोटींहून अधिक वार्षिक उलाढाल असणाऱ्यांना आणि १ एप्रिलपासून सर्वांना लागू करण्यात आली. तेथे ओटीपी नोंदणीकृत क्रमांकावर एसएमएसने, ‘संदेस’ अ‍ॅपवर किंवा ‘एनआयसी-जीएसटी-शील्ड’ या अ‍ॅपमध्ये मिळतो. यांपैकी एसएमएस क्रमांकाशी बांधलेला असल्याने नवे सिम तेथे खरोखर उपयोगी पडते, पण तेही ताबडतोब नव्हे. सिम बदलल्यानंतर पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवण्याचे दूरसंचार विभागाचे २०२२ पासूनचे बंधन आहे, कारण दुसऱ्याच्या नावावर सिम काढणारा भामटा नेमका त्याच ओटीपीच्या मागे असतो.

कार्यालयीन ईमेलसाठी वापरल्या जाणाऱ्या ऑथेंटिकेटर अ‍ॅपचा मात्र सिमशी काडीचाही संबंध नसतो. नोंदणीच्या वेळी संगणकाच्या पडद्यावरील क्यूआर कोड स्कॅन केला जातो, तेव्हा एक गुप्त किल्ली, म्हणजे अक्षरे व अंकांची लांबलचक मालिका, मोबाइलमध्ये साठवली जाते आणि तिचीच प्रत सर्व्हरकडे राहते. पुढे दोन्ही बाजू ही किल्ली व घड्याळातील वेळ यांवरून दर ३० सेकंदांनी तोच सहा अंकी कोड स्वतंत्रपणे काढतात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ६२३८ या मानकात ही रीत नोंदलेली आहे. कोड कोणी ‘पाठवत’च नसल्याने तो नव्या सिमवर ‘येणार’ तरी कोठून? किल्ली हरवलेल्या मोबाइलबरोबर गेली, आणि ती मोबाइल कंपनीच्या दुकानात मिळत नाही.

अशा वेळी खरा मार्ग संस्थेच्या अ‍ॅडमिनकडे, म्हणजे खात्यांचे व्यवस्थापन करणाऱ्या अधिकाऱ्याकडे जातो. मायक्रोसॉफ्टच्या व्यवस्थेत तो जुनी नोंदणी रद्द करून नव्याने नोंदणी करावयास लावू शकतो किंवा ठरावीक मुदतीचा तात्पुरता प्रवेश-कोड देऊ शकतो. गूगल वर्कस्पेसमध्ये तो कर्मचाऱ्यासाठी एकेकदाच चालणारे राखीव कोड काढून देतो. त्याआधी ओळखपत्र, व्हिडिओ कॉल किंवा वरिष्ठांची लेखी खातरजमा मागितली जाते, तिला कर्मचारी ‘आयटीवाल्यांची मुजोरी’ म्हणतात. ब्रिटनच्या मार्क्स अँड स्पेन्सर कंपनीवर एप्रिल २०२५ मध्ये झालेल्या हल्ल्याची सुरुवात तोतयेगिरीनेच झाली, असे तिच्या अध्यक्षांनी ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे सांगितले, आणि त्या प्रकरणाने नफ्याला सुमारे ३० कोटी पौंडांचा फटका बसेल असा कंपनीचाच अंदाज होता. फोनवर नुसते नाव ऐकून खाते उघडून देणारा अ‍ॅडमिन कर्मचाऱ्याला भला वाटेल, पण तो चोरालाही तितकाच भला ठरतो.

बाकीचे समज थोडक्यात निकाली निघतात. रेंज नसली की कोड मिळत नाही, हे एसएमएसबाबत खरे असले, तरी अ‍ॅपमधील कोड पेंचच्या जंगलातही दिसतो. कोड नाकारला गेला की अ‍ॅप काढून पुन्हा टाकावे, हा सल्ला तर घातकच, कारण प्रत ठेवलेली नसल्यास त्यात किल्लीच पुसली जाते. बहुधा मोबाइलचे घड्याळ चुकलेले असते आणि तारीख-वेळ ‘ऑटोमॅटिक’ केली की काम भागते. पासवर्ड बदलल्याने दुसरा पुरावा बदलत नाही. गूगल ऑथेंटिकेटरमध्ये किल्ल्या गूगल खात्यात जतन करण्याची सोय एप्रिल २०२३ पासून आहे, परंतु अ‍ॅपमध्ये त्या खात्याने लॉगिन केलेले नसेल तर तिचा उपयोग शून्य. ‘लॉगिन मंजूर करा’ अशी सूचना वारंवार येत राहिली तर एकदा होकार दिल्याने ती कायमची थांबते, असे मानणाऱ्यांनी सप्टेंबर २०२२ मधील उबरचे प्रकरण पाहावे. तेथे हल्लेखोराला याच वैतागातून आत प्रवेश मिळाला. आणि मुनीम नोकरी सोडून गेला म्हणून व्यापाऱ्याचे ई-वे बिलाचे सारे कामच अडते, हेही खरे नाही, कारण त्या प्रणालीत प्रत्येक उपवापरकर्त्याची पडताळणी त्याच्या स्वतःच्या क्रमांकावर स्वतंत्रपणे होते आणि मुख्य खातेदाराला जुना उपवापरकर्ता गोठवून नवा नेमता येतो. अट एवढीच की, मुख्य खात्याला मुनिमाचाच क्रमांक जोडलेला नसावा.